मिडलसेक्स काउंटी, न्यू जर्सी: कुठल्या कामाला कुठलं दार?

मृण्मयी_सातारकर
नमस्कार मंडळी. दीड वर्षापूर्वी आम्ही एडिसनला घर घेतलं. भाड्याने राहत होतो तोवर 'काउंटी' हा शब्द फक्त फॉर्म भरताना लागायचा. या फेब्रुवारीत मात्र तीन कागद एकदमच हातात आले. एक, घराचं असेसमेंट, म्हणजे टॅक्ससाठी धरलेली किंमत, कळवणारं पोस्टकार्ड. दुसरं, ज्युरी ड्यूटीचं समन्स, तेही नवऱ्याच्या नावाने. त्याचं ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्व नाही. तिसरं, शेजारच्या टाउनशिपमध्ये, म्हणजे शेजारच्या गावच्या नगरपालिकेत, मला मिळालेलं स्पीडिंगचं तिकीट.

मी साताऱ्याची. माझ्या डोक्यात जिल्ह्याचं चित्र पक्कं आहे: कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद आणि जिल्हा कोर्ट. त्याच समजुतीने न्यू ब्रन्सविकला गेले. एका खिडकीवर तासभर रांग लावली तर "हे आमच्याकडे नाही" म्हणाले. दुसऱ्या खिडकीवर गेले, त्यांनी तिसरीकडे पाठवलं. अर्धा दिवस रजा गेली आणि काम शून्य. इथे नक्की कोण काय बघतं, हे कुणी मुळापासून सांगेल का?

रॅरिटनकाठ
मृण्मयी, आधी ते कलेक्टर कचेरीचं चित्र डोक्यातून काढून टाका, मग बाकीचं सोपं होईल. मी एकोणीस वर्षं या काउंटीत टायटल सर्चचं काम करते. घरांचे जुने दस्त काढून बघणं हाच माझा दिवसभराचा उद्योग, त्यामुळे या सगळ्या खिडक्या तोंडपाठ आहेत.

साताऱ्याचा कलेक्टर वरून नेमलेला असतो. महसूल त्याच्याकडे, निवडणूक त्याच्याकडे, जिल्हा दंडाधिकारीही तोच. इथे तीच कामं पाच-सहा जणांत वाटलेली आहेत आणि प्रत्येकाला बसवणारा वेगळा आहे. म्हणून एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीचं काम होत नाही. ते टाळाटाळ करत नसतात, त्यांना खरंच तो अधिकार नसतो.

काउंटीचा कारभार सात कमिशनरांचं मंडळ बघतं. सातही जण वॉर्डातून नाही, अख्ख्या काउंटीतून निवडून येतात. मुदत तीन वर्षांची, आणि सगळ्यांची एकदम संपत नाही, दरवर्षी काही जागांसाठी मतदान होतं. २०२० पर्यंत याच मंडळाला 'बोर्ड ऑफ चोझन फ्रीहोल्डर्स' म्हणायचे. फ्रीहोल्डर म्हणजे स्वतःच्या मालकीची जमीन असलेला, आणि वसाहतीच्या काळात तो गोरा पुरुषच असायचा. ते नाव कायद्याने बदललं आणि १ जानेवारी २०२१ पासून हे लोक कमिशनर झाले. जुन्या कागदपत्रांवर 'फ्रीहोल्डर' दिसलं तर हेच मंडळ समजा. रोजचं काम त्यांनी नेमलेला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर चालवतो. एसेक्स, बर्गन, हडसन, मर्सर, अटलांटिक या काउंट्यांत थेट निवडून दिलेला काउंटी एक्झिक्युटिव्ह असतो, आपल्याकडे ते पद नाही.

या मंडळाकडे काउंटीचे रस्ते आणि पूल, रूझवेल्ट पार्कसारखी उद्यानं, मिडलसेक्स कॉलेज, व्होकेशनल शाळा, आरोग्य खातं आणि नॉर्थ ब्रन्सविकमधला तुरुंग. तुमची पोलीस चौकी, झोनिंग, डेकचं परमिट यातलं काहीही त्यांच्याकडे नाही. ते टाउनशिपचं काम. मिडलसेक्समध्ये अशा २५ नगरपालिका आहेत आणि काउंटीतली प्रत्येक इंच जमीन यातल्या कुठल्या ना कुठल्या नगरपालिकेत येते. ओक ट्री रोडवर चालत गेलात तर एडिसन कधी संपलं आणि वुडब्रिज टाउनशिपचं आयस्लिन कधी सुरू झालं हे कळतही नाही, पण दुकानाचं परमिट देणारा माणूस बदललेला असतो. शाळांचा कारभार याहूनही वेगळ्या निवडून आलेल्या मंडळांकडे.

आता महत्त्वाचं. काउंटी क्लार्क, शेरिफ आणि सरोगेट हे तिघं थेट मतदारांनी निवडलेले असतात. क्लार्क आणि सरोगेट पाच वर्षांसाठी, शेरिफ तीन वर्षांसाठी. ही पदं राज्यघटनेतच आहेत, त्यामुळे कमिशनर मंडळ त्यांना काढू शकत नाही. माझं रोजचं काम क्लार्ककडे. तुमच्या घराचा डीड, म्हणजे मालकीचा दस्त, तिथे नोंदला जातो, म्हणजे आपल्या दुय्यम निबंधकाचं काम. तुमच्या डीडच्या पहिल्या पानावर नोंदणीची तारीख आणि क्रमांक असेल, तो एकदा उघडून बघा. नाव नीट लिहिलंय का तेही बघा. आपल्या लोकांची मधली नावं आणि आडनावं गहाणखतात एक आणि डीडमध्ये दुसरीच पडलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहेत, आणि घर विकताना तीच चूक आडवी येते. पासपोर्टचे अर्ज, नोटरीची शपथ, एकट्याच्या धंद्याच्या नावाची नोंदणी हीसुद्धा क्लार्कचीच खिडकी.

तिन्ही कागदांबद्दल नंतर लिहिते, आत्ता कामावर जायचंय.

पिस्कॅटवेकर
ताई, उत्तम माहिती. एक शंका. शेरिफ निवडून येतो म्हणजे तोच काउंटीचा पोलीस प्रमुख ना? माझा भाऊ जॉर्जियात असतो, तिकडे शेरिफच्या गाड्या रस्त्यावर गस्त घालताना दिसतात.

अण्णा_ईस्ट_ब्रन्सविक
नाही. न्यू जर्सीत रस्त्यावर गस्त घालतात ते टाउनशिपचे पोलीस. शेरिफचं मुख्य काम कोर्टाभोवतीच असतं: कोर्टाचा बंदोबस्त, आरोपींना आणणं-नेणं, समन्स आणि वॉरंट बजावणं, बँकेने जप्त केलेल्या घरांचा लिलाव. तुरुंगही आपल्याकडे शेरिफकडे नाही, काउंटीच्या वेगळ्या विभागाकडे आहे.

मी ज्युरर म्हणून एका फौजदारी खटल्यात बसलो होतो. खटल्याचं काही लिहिणार नाही, पण त्या खोलीत जे उमगलं ते सांगतो. समोर न्यायाधीश. त्यांना गव्हर्नरने नेमलेलं आणि राज्याच्या सिनेटने मान्यता दिलेली. पहिली नेमणूक सात वर्षांची, फेरनेमणूक झाली की वयाच्या सत्तरीपर्यंत. त्यांच्यासमोर बसलेले कोर्टाचे कर्मचारी राज्याच्या न्यायखात्याच्या पगारावर. डावीकडे सरकारी वकील, म्हणजे काउंटी प्रॉसिक्युटरच्या कार्यालयातली बाई. प्रॉसिक्युटरला पाच वर्षांसाठी गव्हर्नर नेमतो, पण कार्यालयाचा खर्च काउंटी करते. आरोपीच्या शेजारी पब्लिक डिफेंडर, तो राज्याच्या वेगळ्या खात्याचा. दाराशी उभा गणवेशातला माणूस निवडून आलेल्या शेरिफचा. इमारत काउंटीची. आणि उरलेल्या खुर्च्यांवर आम्ही, वेगवेगळ्या गावांतून टपालाने बोलावलेले लोक. माझ्या एका बाजूला पर्थ अँबॉयचा बसचालक आणि दुसऱ्या बाजूला मन्रोच्या निवृत्त शिक्षिका.

त्या खोलीत कुणीही दुसऱ्या कुणाची नोकरी घालवू शकत नव्हतं. न्यायाधीश प्रॉसिक्युटरला हुकूम देऊन दोषारोप लावायला सांगू शकत नाहीत, प्रॉसिक्युटर शेरिफचा साहेब नाही, आणि आम्हा बाराजणांचं एकमत झाल्याशिवाय त्या आरोपीला कुणी दोषी ठरवू शकत नव्हतं. मला आयुष्यात सरकारबद्दल एवढा विश्वास कधी वाटला नव्हता जेवढा त्या लाकडी बाकावर बसून वाटला. म्हणून समन्स आलं की लोक कारणं शोधायला लागतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

रॅरिटनकाठ
अण्णा, फार छान लिहिलंत. त्यात एक भर. हे कोर्ट 'काउंटीचं' वाटतं, पण ते राज्याचं आहे. १९४७च्या राज्यघटनेने जुनी गुंतागुंतीची कोर्टं मोडून एक सुपीरियर कोर्ट उभं केलं. काउंटी कोर्टं त्यानंतरही काही काळ होती, ती १९७८ मध्ये त्यातच विलीन झाली. १९९५ पासून खर्चही राज्याने उचलला. २१ काउंट्यांची १५ न्यायक्षेत्रं केली आहेत, त्यांना व्हिसिनेज म्हणतात. मिडलसेक्स एकटीच एक व्हिसिनेज आहे.

मृण्मयी, आता ज्युरीचं. समन्सची नावं फक्त मतदार यादीतून येत नाहीत. ड्रायव्हिंग लायसन्स आणि राज्याचा आयकर भरणाऱ्यांच्या याद्याही त्यात मिसळलेल्या असतात, म्हणून ग्रीन कार्डवाल्यांनाही ते येतं. तो कागद फेकू नका. सोबतची प्रश्नावली भरून "मी अमेरिकेचा नागरिक नाही" असं स्पष्ट लिहून वेळेत पाठवा, म्हणजे नाव वगळलं जाईल. घाईघाईत नागरिकत्वापुढे चुकून 'हो' अशी खूण करू नका. आपण नागरिक असल्याचं खोटं सांगितलं असा त्याचा अर्थ निघाला तर पुढे इमिग्रेशनमध्ये फार महागात पडू शकतं. नवऱ्याला शेजारी बसवून दोघांनी मिळून वाचा.

डबल_शिफ्ट
तिकिटाचं मी सांगतो, दुर्दैवाने अनुभव आहे. तिकीट ज्या टाउनशिपचं, तिथलंच म्युनिसिपल कोर्ट. एडिसनला राहता म्हणून एडिसनला जाऊन उपयोग नाही. तिकिटावर कोर्टाचं नाव आणि तारीख छापलेली असते. या कोर्टाचे न्यायाधीश साधारणपणे टाउनशिपच नेमते, तीन वर्षांसाठी. तिथला सरकारी वकील म्युनिसिपल प्रॉसिक्युटर, अण्णांनी सांगितलेला काउंटीचा नव्हे. इथे ज्युरी नसते.

एनजेएमसीडायरेक्ट या ऑनलाइन दंड भरायच्या साइटवर पैसे भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, हे लक्षात असू द्या. मर्यादेपेक्षा १ ते १४ मैल जास्त असेल तर लायसन्सवर २ दंडाचे पॉइंट, १५ ते २९ असेल तर ४, त्याच्या वर ५. बरेच जण प्रॉसिक्युटरशी बोलून आरोप 'अनसेफ ड्रायव्हिंग' या सौम्य कलमावर आणतात. त्याला पहिल्या दोन वेळा पॉइंट नाहीत, पण दंडावर २५० डॉलरचा सरचार्ज लागतो. निकाल मान्य नसेल तर २० दिवसांत सुपीरियर कोर्टात अपील. दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटलासुद्धा न्यू जर्सीत याच छोट्या कोर्टात चालतो, पण शिक्षा छोटी नसते. तिथे वकिलाशिवाय जाऊ नका.

मृण्मयी_सातारकर
सगळ्यांचे मनापासून आभार. माझं १२ मैल जास्त होतं, म्हणजे २ पॉइंट. आईला कोर्टात बरोबर नेलं तर तिला काही कळणार नाही म्हणून एकटीच जाणार. बरं, कधी तिच्यावर वेळ आली तर मराठी दुभाषी मिळतो का?

डबल_शिफ्ट
ज्याचं काम असतं त्याच्यासाठी कोर्ट स्वतःच्या खर्चाने दुभाषी देतं. आधी कळवावं लागतं. प्रत्यक्ष माणूस नसेल तर फोनवर किंवा व्हिडिओवर. "हिंदी चालेल ना?" असं विचारलं तर संकोचाने हो म्हणू नका. मराठी हवी असेल तर मराठीच मागा.

नीलांबरी_ओल्ड_ब्रिज
हा मुद्दा निघालाच आहे तर एक गोष्ट लिहिते, कारण आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांत ती कुणी बोलत नाही. घरात मारहाण, धमक्या होत असतील तर संरक्षणाचा आदेश मिळवायला कोर्ट उघडण्याची वाट बघावी लागत नाही. दिवसा सुपीरियर कोर्टाच्या फॅमिली पार्टमध्ये, म्हणजे कौटुंबिक विभागात, रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी टाउनशिपच्या पोलीस ठाण्यात. पोलीस म्युनिसिपल न्यायाधीशांना फोन लावतात आणि तात्पुरता आदेश त्याच वेळी निघू शकतो. साधारण दहा दिवसांत फॅमिली पार्टमध्ये सुनावणी होते. तिथे अंतिम आदेश मिळाला तर न्यू जर्सीत त्याला मुदत नसते, कोर्टाने रद्द करेपर्यंत तो चालू राहतो. फी नाही. एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, आहे म्हणून हा हक्क जात नाही. दक्षिण आशियाई बायकांसाठी १९८५ पासून काम करणारी 'मानवी' ही संस्था न्यू जर्सीतलीच आहे. ज्या कुणाला हे वाचायची गरज आहे तिने हे वाचावं एवढ्यासाठीच लिहिलं.

पिस्कॅटवेकर
नीलांबरी, फार गरजेचा प्रतिसाद.

उपनगरवासी
आमच्या आधीच्या घरमालकाने डिपॉझिट परत दिलं नव्हतं, त्यासाठी मी स्मॉल क्लेम्समध्ये गेलो होतो. तेही याच सुपीरियर कोर्टाच्या स्पेशल सिव्हिल पार्टमध्ये. २०२२ पासून स्मॉल क्लेम्सची मर्यादा ५,००० डॉलर आणि एकूण स्पेशल सिव्हिलची २०,००० आहे. घर सोडल्यावर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो, आणि चुकीने अडकवलेल्या रकमेची दुप्पट मागता येते. वकील केला नाही. घर सोडतानाचे फोटो आणि टपालाची पावती यावरच निभावलं.

शरयू_काकू
मी सरोगेटबद्दल लिहिते. नावामुळे आपल्या लोकांना भलतंच वाटतं, पण हे मृत्युपत्र आणि वारसाहक्काचं कार्यालय आहे. यांचा दोन वर्षांपूर्वी स्वर्गवास झाला तेव्हा मुलाबरोबर मी तिथे गेले होते. माणूस मरतेसमयी ज्या काउंटीत राहत होता तिथल्याच सरोगेटकडे जावं लागतं. मृत्यूनंतर दहा दिवस पूर्ण झाल्याशिवाय मृत्युपत्र सिद्ध होत नाही, त्यामुळे तेराव्याच्या आधी धावपळ करायची गरज नाही, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मूळ मृत्युपत्रच लागतं, झेरॉक्स चालत नाही. आमच्या मृत्युपत्रावर नोटरीसमोर साक्षीदारांच्या सह्या झालेल्या होत्या म्हणून साक्षीदारांना आणावं लागलं नाही. टेबलापलीकडच्या मुलीने उजवा हात वर करून शपथ घ्यायला लावली आणि वाद नसल्यामुळे न्यायाधीशांसमोर जावं लागलं नाही. मग उठावदार शिक्का मारलेली सर्टिफिकेटं दिली. प्रत्येक बँक मूळ प्रत मागते, म्हणून आधीच सात-आठ घ्या. मी तीनच घेतली आणि पुन्हा गेले. वाद असेल तर प्रकरण सुपीरियर कोर्टाच्या चान्सरी विभागात जातं. मृत्युपत्रच नसेल तर मालमत्ता वाटायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नेमावा लागतो (काउंटीचा तो वेगळा) आणि बहुधा बाँड, म्हणजे हमीपत्र, मागतात. पुण्यातल्या फ्लॅटसाठी इथल्या कागदावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी दाखला, घेऊन तिथली वेगळी प्रक्रिया करावी लागली.

ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी तरी मृत्युपत्र करून ठेवा हो.

रॅरिटनकाठ
काकू, तुम्ही एवढं मन घट्ट करून लिहिलंत, धन्यवाद.

ह्यूस्टनहून_सुहास
आमच्या टेक्सासात याच्या अगदी उलट. इथे २५४ काउंट्या आणि 'काउंटी जज' म्हणजे मुख्यतः काउंटीच्या कारभाराचा प्रमुख. तो चार कमिशनरांसह ज्या मंडळात बसतो त्याचं नाव 'कमिशनर्स कोर्ट', पण तिथे अर्थसंकल्प ठरतो, खटले चालत नाहीत. नाव वाचून मी पहिली दोन वर्षं गोंधळलेलो होतो. खरे न्यायाधीश पक्षाच्या चिन्हावर निवडून येतात आणि डिस्ट्रिक्ट अटर्नीही. मतपत्रिकेवर न्यायाधीशांचीच पानंच्या पानं नावं असतात आणि त्यातलं एकही नाव आपल्या ओळखीचं नसतं. तुमची नेमणुकीची पद्धत मला जास्त बरी वाटते.

अण्णा_ईस्ट_ब्रन्सविक
सुहास, आमच्याकडेही दोष आहेत. न्यायाधीशाचं नाव पुढे जायला त्या काउंटीतल्या सिनेटरांची संमती लागते असा लिखित नसलेला रिवाज आहे, त्यात नावं अडकून पडतात, जागा रिकाम्या राहतात आणि घटस्फोटाच्या तारखा पुढे ढकलल्या जातात.

आणि काउंटी क्लार्कचं एक काम ताईंनी सांगितलं नाही: मतपत्रिका तोच आखतो. न्यू जर्सीत बहुतेक काउंट्यांत प्राथमिक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या, निवडणुकीच्या मतपत्रिकेवर काउंटीतल्या पक्षाने पाठिंबा दिलेल्या उमेदवारांची एक सलग रांग असायची, बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. २०२४ मध्ये सिनेटसाठी उभे असलेले काँग्रेसमन अँडी किम यांनी दावा केला आणि फेडरल न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीसाठी ती 'काउंटी लाइन' थांबवली. पुढच्या वर्षी कायदाच बदलला. आपण राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीवर रात्र-रात्र बोलतो, पण कमिशनर, क्लार्क, शेरिफ या ओळींवर खूण न करताच मतपत्रिका टाकून येतो. तुमच्या आईचं मृत्युपत्र, तुमच्या घराचा डीड, तुमची मतपत्रिका यांना हात लावणारे लोक त्या ओळींत असतात.

रॅरिटनकाठ
अण्णांशी शंभर टक्के सहमत.

जाता जाता गुगलवर शोधताना एक सावधगिरी. मॅसॅच्युसेट्समध्येही मिडलसेक्स काउंटी आहे, आणि तिथलं काउंटी सरकार १९९७ मध्येच बरखास्त झालंय. इंग्लंडमधल्या मूळ मिडलसेक्सचा कारभार १९६५ मध्ये संपला. शिवाय आपल्याच काउंटीत मिडलसेक्स नावाचा एक बरो, म्हणजे छोटी नगरपालिकाही आहे. फॉर्मवर 'न्यू जर्सी' आणि 'काउंटी' दोन्ही शब्द बघून मगच भरा.

आता मृण्मयीचं पोस्टकार्ड. असेसमेंट ठरवतो टाउनशिपचा असेसर, अपील ऐकतं काउंटीचं टॅक्स बोर्ड, आणि त्या बोर्डाचे सदस्य नेमतो गव्हर्नर. मुदत साधारण १ एप्रिल. त्यावर्षी गावात पुनर्मूल्यांकन झालं असेल तर १ मे. "टॅक्स परवडत नाही" हा मुद्दा तिथे चालत नाही, घराची किंमत चुकीची धरली आहे एवढंच दाखवता येतं. तेही आदल्या वर्षीच्या १ ऑक्टोबरला काय किंमत होती ते.

कार्डावरचा आकडा बाजारभावापेक्षा कमी दिसला म्हणून अपील हरलंच असं नाही. प्रत्येक गावात असेसमेंट बाजारभावाच्या किती टक्के आहे, ते प्रमाण राज्य दरवर्षी जाहीर करतं. समजा ते ५० टक्के आहे आणि तुमचं घर ६ लाखांचं. मग योग्य असेसमेंट ३ लाख. दोन्हीकडे १५ टक्क्यांची सूट असते, म्हणजे २ लाख ५५ हजार ते ३ लाख ४५ हजार यात तुमचा आकडा असेल तर बोर्ड हात लावणार नाही. त्याच्या वर असेल तरच अपील करा.

मृण्मयी_सातारकर
आत्ता कॅल्क्युलेटर घेऊन बसले. प्रमाण काढलं, गणित केलं, आमचा आकडा वरच्या मर्यादेच्याही बराच पुढे आहे! आमच्याच गल्लीत गेल्या उन्हाळ्यात आमच्यासारखी तीन घरं विकली गेली, त्यांच्या किमती मिळाल्या. ज्युरीची प्रश्नावली काल रात्री दोघांनी मिळून भरली आणि पाठवली. अपिलाला वकील लावावाच लागतो का?

रॅरिटनकाठ
स्वतःच्या नावावरच्या घरासाठी नाही. घर कंपनीच्या नावावर असेल तर लागतो. फी असेसमेंटवर ठरते, दीड ते पाच लाखांच्या मधल्या असेसमेंटला २५ डॉलर. तीन घरं पुरतात, पाच असली तर उत्तम, आणि विक्री १ ऑक्टोबरच्या जितकी जवळची तितकी चांगली. शेजारच्यांचं असेसमेंट किती आहे ते दाखवू नका, ते धरत नाहीत, विक्रीची किंमतच दाखवा. पुराव्याचे कागद सुनावणीच्या सात दिवस आधी बोर्डाला आणि असेसरला दोघांनाही पोहोचले पाहिजेत. निकाल पटला नाही तर ४५ दिवसांत राज्याच्या टॅक्स कोर्टात जाता येतं.

आणि अपील चालू असलं तरी १ मेचा हप्ता भरा.